सोफ्यावरचा माणूस कोण मोजणार?

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्यानं एक नियम राबवणं थांबवलं. नियम 2016 चा, आणि तसा साधाच, की सरकारी पैशावर चालणाऱ्या बेघरांच्या शेल्टरमध्ये ट्रान्स माणूस आला तर त्याला त्याच्या स्वतःच्या लिंगओळखीप्रमाणे जागा द्यायची. मग समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या बेघरपणावरून जो वाद पेटला तो मी आता इतक्यांदा ऐकलाय की पुढचा माणूस तोंड उघडायच्या आधीच काय बोलणार ते सांगू शकतो. एक बाजू सोळा वर्षांचं पोरगं पुढे करते, बापानं घराबाहेर काढलेलं, पाठीला दप्तर, डोळ्यांत पाणी. दुसरी बाजू म्हणते बेघर तो बेघर, त्यात गे काय नि स्ट्रेट काय, सगळ्यांना घरं बांधा आणि विषय संपवा. दोघंही तावातावानं भांडतात आणि मला दरवेळी वाटतं, अरे पण बेचाळीस वर्षांचा माणूस कुठे गेला यात? ज्याला आईबापांनी हाकललं नाही, हाकललं असलंच तर त्याला वीस वर्षं झाली, ज्यानं नंतर नोकरी केली, भाडं भरलं, संसार केला आणि मग एके दिवशी दोन बॅगा घेऊन जिन्यात उभा राहिला, तो?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत ताणायला नको. नोकरी जाणं, जोडीदार मरणं, आजारपण, घरमालकानं भाडं वाढवणं हे कुणाच्याही आयुष्यात होतं. पण बहुतेकांना अशा वेळी कुणीतरी झेलतं. भाऊ असतो, सासर असतं, नवऱ्याची पेन्शन असते, कुणा मामाची रिकामी खोली असते, आणि यातलं बरंचसं नुसत्या प्रेमावर चालत नाही, कायद्यानं लिहून ठेवलेलं असतं की मेलेल्या भाडेकरूची बायको घरात राहू शकते, वारस कोण, सही कुणाची चालेल. समलिंगी किंवा ट्रान्स माणसाला झेलणारं माणूसही असतं बरं का, पण ते कागदावर कुणीच लागत नाही. प्रौढ वयातलं बेघरपण हे मुख्यतः या कागदावरच्या भोकातून खाली पडणं आहे. त्यावर भाडेकरार, वारसा, ओळखपत्र असली रुक्ष औषधं लागतात आणि आपण मात्र दया की शिस्त यावर वाद घालत बसलोय.

आकडे बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या विल्यम्स इन्स्टिट्यूटनं 2020 साली नेमका प्रौढांचाच अहवाल काढला होता. त्यात गे, लेस्बियन, बायसेक्शुअल प्रौढांपैकी 17 टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी बेघर झालेले निघाले, सर्वसाधारण लोकसंख्येत हेच प्रमाण 6 टक्के. ट्रान्स प्रौढांपैकी 8 टक्के तर फक्त मागच्या एका वर्षात बेघर झालेले, जिथे सिसजेंडर, म्हणजे ट्रान्स नसलेल्या, स्ट्रेट लोकांमध्ये तो आकडा 1 टक्का होता. पण मला त्यातला तिसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, जो या वादात कुणी काढतच नाही. या बेघर झालेल्या गे-लेस्बियन-बायसेक्शुअल लोकांपैकी 71 टक्के पहिल्यांदा बेघर झाले ते प्रौढ झाल्यावर. अठराच्या आत घर गेलेले होते 20 टक्के. म्हणजे ज्या दप्तरवाल्या पोराच्या फोटोवर अख्खी चर्चा चाललीय तो पाचातला एक आहे. त्याचं दुःख खोटं नाही, त्याच्यासाठी शेल्टर हवंच, पण उरलेल्या चौघांचं काय करायचं?

यांच्यातला एक माझ्या हॉलमध्ये चार महिने राहिलाय. ओळखीतला माणूस, जोडीदाराबरोबर चौदा वर्षं एकाच फ्लॅटमध्ये, करार जोडीदाराच्या नावावर कारण घर त्यानं आधी घेतलेलं. जोडीदार गेला, आणि दहाव्या दिवशी त्याचा भाऊ आला, ज्याला यानं चौदा वर्षांत दोनदा पाहिलं होतं, आणि कुलूप बदललं. भांडण नाही, मारामारी नाही, उलट भाऊ फार सभ्यपणे बोलला म्हणे, तुम्ही त्याचे मित्र होतात, तुमचे उपकार आहेत. हा माझ्याकडे आला तेव्हा हातात एक प्लॅस्टिकची फाइल होती, तिच्यात चौदा वर्षांची लाइटबिलं, सगळी यानं भरलेली, सगळी दुसऱ्याच्या नावावर. रोज सकाळी मी उठायच्या आत तो सोफ्यावरची चादर घडी करून बॅगेत ठेवायचा, चार्जरसुद्धा प्लगमधून काढून बॅगेत, चेन बंद, जणू रात्री इथे कुणी झोपलंच नव्हतं. मी म्हटलं अरे राहू दे, तर हसला फक्त. त्या चार महिन्यांत कुठल्याही सरकारी हिशेबात तो बेघर नव्हता. त्याला नोकरी होती, डोक्यावर छप्पर होतं, रोज इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला जायचा.

आणि हे काही आजचं नाही. न्यूयॉर्कमध्ये मिगेल ब्रास्ची आणि लेस्ली ब्लँचर्ड हे दोघं दहा वर्षांहून जास्त एका भाडेनियंत्रित फ्लॅटमध्ये राहत होते, करार ब्लँचर्डच्या नावावर. सप्टेंबर 1986 मध्ये ब्लँचर्ड एड्सनं गेला आणि दोन महिन्यांत घरमालकानं ब्रास्चीला नोटीस काढली, की तू भाडेकरू नाहीस, चालू लाग. भाडेनियमात लिहिलं होतं की भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर राहणारा जोडीदार किंवा कुटुंबातला माणूस काढता येणार नाही. प्रश्न एवढाच होता की हा कुटुंबातला का? कोर्टापुढे काय काय आणावं लागलं माहितीये? एकत्र बँक खातं, मुखत्यारपत्र, पासपोर्टवरचा पत्ता, इमारतीतले दरवान यांना जोडपं म्हणून ओळखायचे ही माहिती. 1989 मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं की कुटुंब ठरवताना लग्नाचा दाखला आणि रक्त एवढंच बघून चालणार नाही, माणसं प्रत्यक्षात कशी जगली ते बघा. ब्रास्ची जिंकला, पण तीन वर्षं तो स्वतःच्या दुःखाचे पुरावे गोळा करत होता, जे कुठल्याही विधवेला किंवा विधुराला करावं लागत नाही.

लंडनची केस तर याहून कठीण आहे. मार्टिन फिट्झपॅट्रिक आणि जॉन थॉम्पसन 1976 पासून एकत्र. 1986 मध्ये थॉम्पसनला डोक्याला मार लागला, मग स्ट्रोक, आणि हातापायांची हालचाल गेली. फिट्झपॅट्रिकनं त्याला घरी ठेवून आठेक वर्षं सगळं केलं, 1994 मध्ये थॉम्पसन गेला, घराचा भाडेकरार त्याच्या नावावर होता. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टापर्यंत गेलं आणि 1999 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं की याला ‘कुटुंबातला माणूस’ म्हणता येईल. नवरा-बायकोसारखा जोडीदार मात्र नाही, ते मान्य व्हायला 2004 उजाडलं, तेही दुसऱ्याच कुणाच्या केसमध्ये. आठ वर्षं एका माणसाला कुशीवर वळवणारा दुसरा माणूस त्याचा कोण, यावर ती केस ऐकणाऱ्या पाच न्यायाधीशांपैकी दोघांना उत्तर सापडलं नाही! आता सांगा, यात गरिबी कुठे आहे आणि आईबापांनी हाकलणं कुठे आहे?

बरं, आता समोरच्यांचं म्हणणं. सगळ्यात दमदार मुद्दा हाच की वेगवेगळे गट पाडू नका, घरं कमी आहेत आणि भाडी जास्त आहेत हे मूळ दुखणं आहे. हे मला मान्य आहे, अर्धवट नाही, पूर्ण मान्य आहे. बेघरांमधले बहुसंख्य लोक एलजीबीटी नाहीत, जिथे भाडी आवाक्याबाहेर तिथे बेघर जास्त हे उघड आहे, आणि उद्या स्वस्त घरांचा पूर आला तर त्याचा फायदा या लोकांनाही होईलच. पण घर असणं आणि घर मिळणं यात घरमालक नावाचा माणूस उभा असतो. इथे मला नेहमी बाबासाहेब आठवतात. 1917 साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, बडोदा संस्थानात नोकरी ठरलेली, खिशात पैसे, शहरात खोल्या होत्याच की. पण राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत उतरावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले, संध्याकाळपर्यंत खाली कर म्हणाले. मग एका हिंदू मित्राकडे विचारलं तर तो म्हणाला तू आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला बायकोला विचारावं लागेल. शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत ते सार्वजनिक बागेत बसून राहिले, हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलंय. त्या दिवशी कुणी म्हटलं असतं की बडोद्यात घरांचा पुरवठा वाढवा म्हणजे प्रश्न सुटेल, तर आपण काय म्हटलं असतं?

जात आणि लैंगिकता एकच असं मी म्हणत नाहीये, एका गोष्टीचं दुःख दुसऱ्याच्या मापानं मोजायचा धंदा मला आवडत नाही. पण नकाराची रीत बघा. ‘माझं काही नाही हो, पण बाकीचे लोक काय म्हणतील’, हे वाक्य घर शोधायला निघालेल्या कुठल्याही ट्रान्स बाईला विचारा, तिला तोंडपाठ असतं. दोन पुरुष घर बघायला गेले की आधी ‘बॅचलर’ आहात का, मग ‘भाऊ भाऊ का’, आणि खरं सांगितलं की दुसऱ्या दिवशी फोन, सॉरी जागा गेली. मग लोक खोटं बोलून घर घेतात आणि खोट्यावर घेतलेलं घर हे कायम अकराव्या दिवसाची वाट बघणारं घर असतं. अमेरिकेत घरभाड्यातल्या भेदभावाविरुद्धचा कायदा 1968 पासून आहे पण त्याच्या मजकुरात आजही लैंगिक कल किंवा लिंगओळख हे शब्द नाहीत, ‘लिंग’ या शब्दातून ते ओढून काढावे लागतात, आणि जे ओढून काढलेलं असतं ते सरकार बदललं की परत आत ढकलता येतं.

दुसरा आक्षेप आकड्यांवर. म्हणतात हे सगळे सर्व्हे म्हणजे लोकांनी स्वतः सांगितलेलं, त्याला काय आधार. यातही दम आहे. अमेरिकेतला 2015 चा ट्रान्स सर्व्हे जवळपास 28 हजार लोकांचा होता, त्यात 30 टक्के लोक कधी ना कधी बेघर झाल्याचं आलं, पण तो यादृच्छिक नमुना नव्हता, ज्यांना भरावासा वाटला त्यांनी भरला. म्हणून मी त्यावर सगळा भार टाकत नाही. पण लोकांनी सांगितलेलं खोटं आणि सरकारनं मोजलेलं खरं असं समजायचं असेल तर सरकार कसं मोजतं तेही बघू. तिथे जानेवारीतल्या एका रात्री बेघर मोजतात, शेल्टरमध्ये किती, फूटपाथवर किती, गाडीत किती. मित्राच्या सोफ्यावर झोपलेला त्यात येत नाही. गंमत म्हणजे त्याच देशात शाळेतलं मूल दुसऱ्याच्या घरात नाइलाजानं दाटीवाटीनं राहत असेल तर शिक्षण खात्याच्या लेखी ते बेघर असतं, त्याच्यासाठी 1987 चा कायदा आहे, शाळेत ये-जा करायची सोय वगैरे मिळते. तेच मूल मोठं झालं, त्याच सोफ्यावर झोपलं, की मोजणीतून गायब. पोराचा फोटो आणि मोठ्या माणसाचं गायब होणं हे फक्त वादातच नाही, थेट सरकारी फॉर्ममध्येच बसवलेलं आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात नाजूक आणि तोच सगळ्यात वाईट पद्धतीनं मांडला जातो. स्त्रियांच्या शेल्टरमध्ये ट्रान्स बाईला घ्यायचं का. तिथे आलेल्या कित्येक बायका पुरुषाच्या हातचा मार खाऊन आलेल्या असतात, अनोळखी माणसाच्या शेजारी अंधारात झोपायची त्यांना भीती वाटते आणि ही भीती खरी आहे, तिला मागासलेपणा म्हणून उडवून लावणारे लोक मला आवडत नाहीत. पण मग मला पुढचं उत्तरही हवंय, की ट्रान्स बाईनं जायचं कुठे? पुरुषांच्या डॉर्मिटरीत, चाळीस खाटांमध्ये? तिथे तिचं काय होईल हे न कळण्याइतकं कुणी भाबडं आहे का? त्याच 2015 च्या सर्व्हेत, मागच्या वर्षात शेल्टरमध्ये राहिलेल्या ट्रान्स लोकांपैकी 70 टक्के लोकांनी त्रास झाल्याचं सांगितलं होतं, मारहाण, छळ नाहीतर सरळ बाहेर काढणं, आणि त्याच वर्षात बेघर झालेल्यांपैकी 26 टक्के तर या भीतीनं शेल्टरकडे फिरकलेच नव्हते.

माझ्या मते इथे दोन्ही बाजूंनी खाटांवर भांडायचं सोडून डॉर्मिटरीवरच भांडायला हवं होतं. एका खोलीत चाळीस अनोळखी माणसं झोपवायची ही कल्पनाच मुळात माणसाला माणूस न समजणारी आहे, आणि तिच्यात कुणाला घालायचं यावर आपण तत्त्वज्ञान झाडतोय. फिनलंडनं 2008 पासून हळूहळू आपली मोठी वसतिगृहं मोडून त्यांचे छोटे छोटे फ्लॅट केले, प्रत्येकाला स्वतःची किल्ली, स्वतःच्या नावाचा भाडेकरार. आतून कडी लागते म्हटल्यावर शेजारच्या खोलीत कोण आहे हा प्रश्न अर्धा तरी मिटतो, मार खाऊन आलेल्या बाईचाही आणि ट्रान्स बाईचाही. आणि हो, हा उपाय ‘सगळ्यांसाठी’च आहे, म्हणजे समोरच्यांच्या पहिल्या मुद्द्याच्या बाजूचा आहे, ते मला दिसतंय. तो त्यांनी मनापासून मागितला तर मी त्यांच्या मागे उभा राहीन. पण बहुतेकदा ‘सगळ्यांसाठी’ हे वाक्य फक्त ‘यांच्यासाठी नको’ म्हणायच्या वेळीच आठवतं.

कुटुंबावरच सगळं ढकलायची सवय कायद्याला किती खोल लागलीय ते बघायचं तर भारतातला 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा वाचा, 12वं कलम. आईवडील किंवा जवळचे कुटुंबीय राहतात त्या घरात राहायचा हक्क दिलाय, चांगलं आहे. पण घरचे सांभाळू शकत नसतील तर काय, तर कोर्ट आदेश देऊन त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात ठेवणार. तिथे वयाची अट नाही. म्हणजे पस्तिशीची कमावती ट्रान्स बाई, तिच्यापुढे दोनच दारं, एक आईबापांचं आणि एक केंद्राचं, आणि मधे जी सगळी जीवनं असतात, मैत्रिणीबरोबर भाड्यानं राहणं, जोडीदाराबरोबर राहणं, एकटं राहणं, ती कायदा लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आली नाहीत. आपण मोठ्या माणसाचा कायदा करतोय की हरवलेल्या मुलाचा? मे 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका लेस्बियन मुलीला घरच्यांनी डांबून ठेवलं होतं त्या प्रकरणात सांगितलं, की लग्न हा कुटुंब बनवायचा एकमेव मार्ग नाही, निवडलेलं कुटुंबही कुटुंबच. वाक्य छान आहे. पण त्या वाक्यावर भाडेकरार पुढे चालू राहत नाही, फ्लॅट वारशानं मिळत नाही, हॉस्पिटलच्या फॉर्मवरची ‘नातं’ हा रकाना तसाच रिकामा राहतो.

यावर काही चळवळीतलेच लोक म्हणतात की आपले आपण आहोत ना, आपण एकमेकांना धरू. मला याबद्दल आदर आहे पण विश्वास नाही. अमेरिकेतल्या ट्रान्स चळवळीतली सिल्व्हिया रिव्हेरा स्वतः दहा-अकरा वर्षांची असताना न्यूयॉर्कच्या रस्त्यावर आली होती. 1970 मध्ये तिनं आणि मार्शा जॉन्सननं मिळून रस्त्यावरच्या पोरापोरींसाठी संघटना काढली, आधी एका ट्रेलरमध्ये आणि मग एका पडक्या इमारतीत घर चालवलं, भाडं स्वतः देहविक्री करून भरायच्या. ते घर फार टिकलं नाही, टिकणार कसं. आणि पंचवीसेक वर्षांनी, नव्वदच्या दशकात, तीच सिल्व्हिया चाळिशी ओलांडून हडसन नदीच्या धक्क्यावर बेघरांच्या वस्तीत राहत होती. तोवर तिचं नाव इतिहासात जायला लागलं होतं. दुसऱ्यांच्या पोरांना घर देणारी बाई म्हातारपणाच्या उंबरठ्यावर धक्क्यावर, याला एकमेकांना धरणं म्हणायचं का? ज्यांच्या हातात काही नाही त्यांनी एकमेकांचे हात धरले तर दोघंही थोडे सावकाश बुडतात, इतकंच.

म्हणून माझ्या मागण्या फार कंटाळवाण्या आहेत आणि त्यावर मोर्चा निघणार नाही हे मला माहीत आहे. भाडेकराराच्या कायद्यात ‘पती/पत्नी’च्या जागी ‘अमुक वर्षं बरोबर राहिलेला माणूस’ हा शब्दप्रयोग, आणि तो सिद्ध करायला लाइटबिलं पुरावीत, दरवानाची साक्ष लागू नये. ओळखपत्रावरचं नाव बदललं तर जुना भाडेकरार, जुना पगाराचा दाखला आपोआप चालावा, नाहीतर नवं घर घेताना तो माणूस मागचा काहीच इतिहास नसलेला ठरतो आणि असल्या माणसाला कोण घर देतं? नकार देणाऱ्या घरमालकाला दंड, आणि दंड करणारं ऑफिस खरंच उघडं असलेलं. शेल्टर असेलच तर आतून लागणारी कडी.

आणि मोजणी. ज्या रात्री लोक टॉर्च घेऊन पुलाखाली आणि स्टेशनवर फिरतात त्या रात्री काही घरांची बेलही वाजवावी, आणि दार उघडणाऱ्याला एवढंच विचारावं, की काल तुमच्या सोफ्यावर कोण झोपलं होतं, आणि त्याला अजून किती दिवस झोपू देणार आहात? माझ्याकडे त्या चार महिन्यांत कुणी असं विचारायला आलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मला नक्की माहीत नाही, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. दुसऱ्याचं तिसऱ्या महिन्यापासून अवघड व्हायला लागलं होतं, आणि बहुतेक ते त्यालाही कळत होतं, म्हणून तर चार्जर बॅगेत.